तिसरा खटका

माझे साडू आपल्या घराचा चढ गाडी उलटी घालून चढतात, ही बातमी मला माझ्याच गॅरेजमध्ये एका गिऱ्हाइकाने दिली. तो हसत हसत सांगत होता. म्हातारा मान मागे वळवून बसतो, एक हात शेजारच्या सीटच्या पाठीवर, आणि गाडी आपली मागची बाजू पुढे करून वर निघते. पोरं बरोबरीने पळतात, कुणी टाळ्या वाजवतं. मला काही हसू आलं नाही. ज्याला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आतून माहीत आहे त्याला यात हसण्यासारखं काही सापडणार नाही. पुढे जायच्या गिअरचा जीव गेला की पुष्कळदा रिव्हर्स तेवढा शिल्लक राहतो, कारण त्याच्या प्लेटा वेगळ्या असतात आणि जन्मभर फारशा कामाला लागलेल्या नसतात. म्हणजे गाडी शेवटच्या घटका मोजत होती, आणि साडू ते माझ्यापासून लपवत होते.

गिऱ्हाईक गेल्याबरोबर मी फोन लावला.

“साडूभाऊ, मान दुखत नाही का हो तुमची?”

“कुणी सांगितलं?”

“अख्ख्या रस्त्याने. गाडी घेऊन या.”

“अरे, उतारावर छान चालते ती.”

“उतारावर दगडसुद्धा छान चालतो. घेऊन या.”

त्यांना सगळे सुईवाले म्हणतात. धंदा शिलाई मशीन दुरुस्तीचा. गाडीच्या मागच्या सीटवर दोन-तीन मशीन, डिकीत हत्यारांची पेटी, आणि घरोघर जाऊन काम. फार वर्षांपूर्वी शिडीवरून पडले तेव्हापासून डावा गुडघा वाकत नाही आणि त्या पावलात जोर नाही. क्लच दाबायचा तो डाव्या पायाने, म्हणजे साधी गाडी त्यांच्यासाठी बंदच. ही जुनी ऑटोमॅटिक मीच त्यांना शोधून दिली होती. दोनच पेडल, दोन्ही उजव्या पायाची. ती मिळाली त्या दिवशी त्यांनी मला मिठी मारली होती, आणि हे गृहस्थ मिठ्या मारणाऱ्यातले नव्हेत.

त्यांची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. ती गेली तेव्हा घरातली सगळी माणसं बसली असताना त्यांच्या मुलीने विषय काढला. ती दुसऱ्या शहरात राहते, सहाव्या मजल्यावर. बाबांनी आता माझ्याकडे यावं, म्हणाली. बाबा म्हणाले, मला अजून माझं माझं जाता-येता येतं, मला घर सोडायला लावू नकोस. रडारड झाली. शेवटी आमच्या हिने तोडगा काढला: गाडी चालतेय तोवर भाऊजी आपल्या घरात, गाडी थांबली की लेकीकडे. सगळ्यांनी माना हलवल्या. बाजार खाली, दवाखाना खाली, गिऱ्हाइकं खाली, आणि घर चढाच्या टोकाला. गाडीशिवाय तिथे त्या पायाने राहणं शक्य नव्हतं हे त्यांनाही कबूल होतं. तेव्हा वाटलं, शहाणपणाची तडजोड झाली. माणसाचं घर एका जुन्या गिअरबॉक्सवर उभं राहिलंय हे त्या वेळी कुणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्या तरी यायला हवं होतं.

ते उतारावरून घरंगळत आले. खाली उतरले, काठी घेतली, आणि गाडीच्या टपावर हात ठेवून उभे राहिले, एखाद्या आजारी माणसाच्या उशाशी उभं राहावं तसे. मी इंजिन गरम केलं आणि चालू ठेवूनच गिअरबॉक्सचं तेल बघायची पट्टी ओढली. काळं, जळक्या वासाचं तेल निघणार अशी माझी खात्री होती. पट्टीवर सरबतासारखं लालचुटूक तेल आलं.

मी पट्टी पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. लालच.

“तेल कुणी बदललं?”

“मी,” साडू म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जरा अभिमानच होता. “अरे, काय घाण होतं ते. काळंकुट्ट. असलं तेल मी कुणाच्या मशीनमध्ये घटकाभर राहू देणार नाही. पट्टीच्या भोकातून नळी घातली, मोठ्या सिरिंजने खेचलं, नवं ओतलं, गाडी चालवली, पुन्हा खेचलं. लाल यायला लागेपर्यंत सोडलं नाही.”

“आणि घसरायला कधी लागली?”

त्यांनी जरा आठवलं. “त्यानंतरच,” ते म्हणाले, आणि मग त्यांचा चेहरा हळूहळू उतरला.

या गिअरबॉक्सच्या आत खरखरीत प्लेटा असतात, तेलात बुडालेल्या. त्या एकमेकींना घट्ट धरतात तेव्हा गाडी चालते. वर्षानुवर्षं झिजून त्यांची खरखर तेलात उतरते आणि तेल काळं होतं. त्या काळ्या चिखलाच्या जिवावरच झिजलेल्या प्लेटा एकमेकींना धरून असतात. तो काढून स्वच्छ तेल घातलंत की सगळं गुळगुळीत, आणि धरायला काही उरत नाही. सगळे मेकॅनिक हे मानत नाहीत. मी मानतो, कारण मी ते पाहिलंय. म्हणून तर या गाडीचं तेल मी इतकी वर्षं मुद्दाम बदललं नव्हतं. फक्त का बदलत नाही हे साडूंना कधी सांगितलं नव्हतं. आमच्या धंद्यात असं गिऱ्हाइकाला समजावत बसायची पद्धत नाही. आणि त्यांच्या धंद्यात काळं तेल म्हणजे पाप.

मग ब्रेक घट्ट दाबून गिअर टाकला आणि अॅक्सिलरेटर दिला. धडधाकट गिअरबॉक्स असेल तर इंजिनाला ओझं जाणवतं, आवाज दबतो. इथे इंजिन मोकाट सुटलं. पलीकडे धरणारं कुणी नव्हतंच. गाडी वर चढवून गिअरबॉक्सच्या खालचं तेलाचं तबक उघडलं, तर तळाला काळा गाळ आणि त्यात चमचमणारी कणी. कणी धरायला तबकात लोहचुंबक असतं, त्यावर तर लोखंडाच्या किसाची दाढीच वाढली होती. नुसत्या प्लेटा बदलून भागणार नव्हतं, ज्या ड्रममध्ये त्या बसतात तोच खरवडला गेला होता. आणि या गाडीचे भाग बनवणं कंपनीने कधीच सोडून दिलंय.

“माझ्यामुळे गेला का रे?” साडूंनी विचारलं.

“जाणारच होता,” मी म्हटलं. ते अर्धं खरं होतं. “दुसरा अख्खा बसवावा लागेल.”

“मिळेल?”

“बघू.”

मुलीला काही कळवू नकोस, एवढंच ते म्हणाले. पण ती काय दूधखुळी होती? उलट्या गाडीची गोष्ट तिच्यापर्यंत आधीच पोचली होती.

मी ओळखीच्या सगळ्या भंगारवाल्यांना फोन केले. कुणी मेल्याने नीट ऐकूनही घेतलं नाही. ती गाडी? ऑटोमॅटिक? अहो, कुठल्या जमान्यात आहात. शेवटी शहराबाहेरच्या एका अड्ड्यावर एक सापडली. तिथला मालक घसा बसलेला माणूस, सदा कुजबुजल्यासारखा बोलणारा. त्याने कोपऱ्याकडे बोट केलं. मागून कुणीतरी ठोकलेली, डिकी चेपलेली, पण पुढचा भाग शाबूत. अगदी साडूंचंच मॉडेल. मी चिखलात आडवा झालो, खाली सरकलो, तबक उघडलं. तेल गुलाबीसर. चुंबकावर करड्या रंगाची मऊ साय, दर चांगल्या गिअरबॉक्समध्ये असते तेवढीच. मी तिथेच पाठीवर पडून हसलो. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे मी याच्या उलट बोललोय: तो गिअरबॉक्स चांगला होता. आम्ही साडूंसाठी गाडी घेतली तेव्हा तिच्यात होता त्याहूनही चांगला.

“काढून ने लवकर,” भंगारवाला कुजबुजला. “बाकीची गाडी पत्रा दाबायच्या प्रेसखाली जाणार आहे. आणि तुझा जुना आणून टाक मला. माझं लोखंड कमी नको व्हायला.”

पुढचे काही दिवस साडू रोज गॅरेजला यायचे. कुणीतरी रस्त्यावरून सोडायचं त्यांना. स्टुलावर बसायचे, डावा पाय समोर लांब करून, आणि मला म्हणायचे, काम दे. मी काय देणार? पण त्यांचे हात आमच्या अख्ख्या गोतावळ्यात सगळ्यात चांगले, हे मलाही मान्य. मी काढलेला प्रत्येक बोल्ट त्यांनी तारेच्या ब्रशने लख्ख केला आणि कुठला कुठून निघाला त्या क्रमाने ट्रेमध्ये मांडला. माझ्या गॅरेजमध्ये असं कधी झालं नव्हतं. बोल्ट डब्यात टाकायचे आणि जुळवताना शिव्या द्यायच्या, ही आमची रीत.

ही चहा घेऊन यायची. “भाऊजी, घरी जाऊन जरा आराम करा की.”

“आराम करायला लेकीकडे जायचंच आहे,” ते म्हणायचे. “तोवर करू दे दोन कामं.”

त्यांची थट्टा परत आली होती. मला म्हणाले, तुमचा हा गिअरबॉक्स म्हणजे अवाढव्य शिलाई मशीनच रे, फक्त शिवत काही नाही. मी म्हटलं, साडूभाऊ, आत्तापर्यंत त्याने तुमचं घर शिवून धरलंय. बोलून गेलो आणि जीभ चावली. ते नुसते हसले. खरं सांगायचं तर ते दिवस फार छान गेले. इतकी वर्षं आम्ही बायकांच्या नात्याने साडू होतो, तिथे कामाच्या नात्याने झालो.

जुना गिअरबॉक्स खाली उतरवून भिंतीशी ठेवला होता. साडूंना तो नजरेसमोर नको होता. “याला बघितलं की माझी सिरिंज आठवते,” म्हणाले. तेवढ्यात भंगारवाल्याचा टेम्पो त्याच रस्त्याने जात होता, त्यावर मी तो चढवून दिला. जागा मोकळी झाली.

आता कन्व्हर्टरबद्दल सांगायला हवं. कन्व्हर्टर म्हणजे मोठ्या पातेल्याएवढा, तेलाने भरलेला लोखंडी गोळा. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधोमध बसतो. गिअरबॉक्स बाकावर तोंड वर करून उभा करायचा, कन्व्हर्टर त्याच्या तोंडात ठेवायचा आणि दाबत दाबत फिरवायचा. तो पायरीपायरीने खाली उतरतो. तीन खटके. पहिले दोन आतल्या दांड्यांवरच्या दात्यांचे आणि तिसरा तेलाच्या पंपाचा. दोनच झाले तरी वरून सगळं ठीक दिसतं, कन्व्हर्टर छान गरगर फिरतो. पण तसाच गिअरबॉक्स इंजिनाला लावून बोल्ट आवळले की पंप आतल्या आत फुटतो. हे मला झोपेतून उठवून विचारा. नवा माणूस कामाला ठेवला की मी त्याला आधी हेच सांगतो.

मी कन्व्हर्टर उचलून ठेवला आणि साडू म्हणाले, “हे मी करतो. बसून करायचं काम आहे.”

मला ते आवडलं. “करा,” मी म्हटलं. “दाबत फिरवा. खटका होईल आणि खाली...” आणि माझा फोन वाजला.

भाची होती. “काका, मी ट्रकवाल्याला काय सांगू? तो तारीख विचारतोय.”

“कसला ट्रकवाला?”

“बाबांचं सामान आणायला. खोली रंगवून तयार आहे. काका, तुम्ही त्यांना उगाच आशा लावताय. आज गिअरबॉक्स गेला, उद्या अजून काहीतरी जाईल. ते तिथे एकटे पडले तर? आई गेल्यापासून मला धड झोप नाही.”

पोरगी वाईट नाही. तिची भीती खोटी नव्हती. पण ट्रक हा शब्द माझ्या डोक्यात गेला. “तुझे बाबा काय कपाट आहेत का, ट्रकमध्ये घालून न्यायला?” मी ओरडलो. नको ते बरंच बोललो. गाडी आज चालू होईल, संध्याकाळी ते स्वतः चालवत चढ चढतील, सरळ, तोंड पुढे करून, तू तुझा ट्रक दुसऱ्या कुणाला दे. ती रडायला लागली. मी फोन ठेवून दिला.

“बसला रे,” मागून साडू म्हणाले.

त्यांनी सगळं ऐकलं असणार. दोन्ही हात कन्व्हर्टरवर ठेवून माझ्याकडे बघत होते. चेहरा नुसता उजळला होता. मी हात लावून पाहिला. गरगर फिरला. दरवेळी मी आडवी पट्टी लावून तो किती खोल गेलाय ते मोजतो, माझ्या स्वतःच्या कामाचंही मोजतो. पट्टी समोरच्या खिळ्याला टांगलेली होती. पण थोरल्या साडूने हाताने बसवलेली वस्तू त्यांच्या तोंडासमोर मोजायचं माझ्या जिवावर आलं. ज्या माणसाच्या हातून सुईच्या टोकाएवढी चूक होत नाही त्याला आता मी तपासून दाखवू? शिवाय डोकं अजून तापलेलं होतं. मी म्हटलं, “झकास.”

गिअरबॉक्स जॅकवर चढवला, इंजिनाला भिडवला. बोटभर फट राहिली. जुन्या इंजिनाच्या खुंट्या गंजलेल्या असतात, गिअरबॉक्स सहजी सरकत नाही, हे नेहमीचं. मी बोल्ट लावले आणि आवळून फट मिटवली. मिटता मिटता आतून एक बारीकसा आवाज आला, सुकी काडी मोडल्यासारखा. मी तो ऐकला. आणि काही नाही, गंज सुटला, असं स्वतःला सांगितलं.

सगळं जोडलं. तेल भरलं. साडू स्वतः गाडीत बसले, हट्टच होता त्यांचा. ही दारात येऊन उभी राहिली. त्यांनी चावी फिरवली, इंजिन लागलं, आणि त्याखालून दगडावर पत्रा घासावा तसा आवाज यायला लागला. त्यांनी गिअर टाकला. गाडी जागची हलली नाही. मी खूण केली, रिव्हर्स टाका. रिव्हर्सलाही नाही. गाडीखाली लाल थारोळं पसरत माझ्या चपलेपर्यंत आलं.

खोलण्याआधी ही गाडी निदान उलटी तरी चालत होती.

“बंद करा,” मी म्हटलं.

मी गिअरबॉक्स पुन्हा खाली उतरवला. साडू ट्रेमध्ये बोल्ट मांडत होते, त्याच क्रमाने. कन्व्हर्टर ओढून काढला तर पंपाचे तुकडे त्याच्याबरोबर बाहेर आले. बाकावर पडले तेव्हा टणटण वाजले.

“हे काय आहे?” साडूंनी विचारलं.

“पंप.”

“असा कसा फुटला? मी बसवला तेव्हा तर एकदम छान बसला होता.” ते विचारात पडले. “आमच्यात बॉबिनची केस एका खटक्यात बसते. पहिला खटका झाला तेव्हा मी सोडणारच होतो. पण म्हटलं, गाडीचं काम मोठं, जरा आणखी दाबून बघावं. तर दुसरा पण आला. दोन खटके होईपर्यंत सोडला नाही मी.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एखाद्या मुलाने सगळी उत्तरं लिहून झाल्यावर मास्तरांकडे बघावं तसं बघत होते. आधी सिरिंज, आणि आता हे. मी त्यांना सांगितलं असतं तर तो माणूस पुन्हा कुणाच्या मशीनला हात लावू शकला नसता. आणि तीन म्हणून सांगायचं कुणी होतं? मीच ना.

“भंगारातच गेलेला होता तो,” मी म्हटलं. “आतून तडा असणार. बाहेरून दिसत नाही.”

“पण तू तर बघून आणलास.”

“पंप नाही दिसत, साडूभाऊ.”

ते काठी टेकत उठले, माझ्याजवळ आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. “मनाला लावून घेऊ नकोस,” म्हणाले. “तुझा काही दोष नाही यात.”

मला तिथे उभं राहवेना. जुन्या गिअरबॉक्समधला पंप! तो तर शाबूत होता, रिव्हर्स त्याच्यावरच तर चालत होता. तो काढून यात बसवता आला असता. आतले तुकडे धुऊन काढले असते, दिवस लागले असते, पण आशा होती. मी हातसुद्धा न धुता माझी गाडी काढली आणि भंगारच्या अड्ड्यावर गेलो. घसा बसलेला मालक प्रेसजवळच उभा होता.

“माझा जुना गिअरबॉक्स कुठाय?”

त्याने भिंतीसारखे रचलेले ठोकळे दाखवले. ट्रंकेएवढा एकेक. “त्या गाडीच्या पोटातच टाकला होता,” तो कुजबुजला. “सकाळीच दाबली. तुला हवा होता होय?”

मी ठोकळ्यांपाशी गेलो. एकात त्या गाडीचा रंग ओळखू आला. पत्र्याच्या घड्यांमधून लाल तेल ठिबकत होतं, साडूंनी सिरिंजने भरलेलं. मी खाली बसलो आणि रडलो. भंगारवाला चार हात लांब उभा राहिला. त्याने बऱ्याच लोकांना तिथे बरंच काही शोधताना पाहिलं असावं. दुसरी अशी गाडी बघण्यात आली तर सांग, मी म्हटलं. “ती शेवटचीच होती रे,” तो म्हणाला.

घरी हिला सगळं खरं सांगितलं. ती भांडी पुसत होती, पुसतच राहिली. “भाऊजींना सांगायचं नाही,” ती म्हणाली. मग फडकं खाली ठेवून म्हणाली, “मला पण सांगायला नको होतंस.”

ट्रक आला. भाचीने माझ्याशी नीट बोलायचा प्रयत्न केला, मीही केला. जावईबापू शिलाई मशीन एकेक उचलून चादरीत गुंडाळत होते, आणि साडू पायरीवर बसून सांगत होते, हे आडवं ठेवू नका, याचं तेल सांडतं. घर रिकामं झाल्यावर त्यांनी ते एकदा फिरून पाहिलं. फार वेळ लावला नाही. जाताना गाडीची किल्ली माझ्या हातात दिली.

“तुझ्याकडे राहू दे,” म्हणाले. “चांगला गिअरबॉक्स मिळाला की लागेल. या वेळी आतून तडा नसलेला बघ म्हणजे झालं.”

तेव्हा मला कळलं मी काय करून बसलो होतो. खरं सांगितलं असतं तर त्यांनी स्वतःला कोसलं असतं, मलाही कोसलं असतं, आणि त्या दिवशी सगळं संपलं असतं. मी त्यांना एक खराब गिअरबॉक्स दिला होता. आणि एक खराब निघाला म्हणजे दुसरा चांगला कुठेतरी असणारच, असं त्यांनी धरलं.

गाडी अजून माझ्या गॅरेजच्या मागे उभी आहे. खाली रिकामं, चाकं बसलेली. मी तिच्याकडे बघायचं टाळतो, पण गॅरेज लहान आहे, टाळून टाळणार किती? त्यांनी मांडलेला बोल्टांचा ट्रे मी फळीवर ठेवलाय आणि त्याला कुणालाही हात लावू देत नाही. कुणी विचारलं तर खेकसतो.

त्यांचा फोन येतो. बहुतेक सकाळी येतो, मी शटर उघडत असताना. लेकीच्या घरची लिफ्ट सारखी बंद असते, म्हणून खाली उतरणं होत नाही. शेजारपाजारी कुणाकडे शिलाई मशीन नाही. त्यांनी आपलीच मशीन इतक्यांदा खोलून जोडली की आता भाची ओरडते. बाकी सगळं ठीक आहे, म्हणतात, पोरगी खूप करते. मग घसा साफ करतात, आणि मला पुढचं माहीत असतं.

“काही पत्ता लागला का रे?”

“बघतोय, साडूभाऊ.”

“घाई नाही. पण खोलून बघून घे. इथे जावईबापूंचे मित्र आले होते परवा, त्यांना मी सगळं समजावून सांगितलं, गिअरबॉक्स कसा बसवतात ते. थक्क झाले. म्हणाले, या वयात स्वतःच्या हाताने बसवलात? म्हटलं, बसवला तो चोखच होता, मालच खराब निघाला त्याला कोण काय करणार.”

“खरंय.”

“आणि हे बघ, या वेळी पण कन्व्हर्टर मीच बसवणार. दुसऱ्या कुणावर सोडू नकोस. मला आता सवय झालीय त्याची.”

“तुम्हीच बसवा.”

“दोन खटके,” ते म्हणाले. “माझ्या पक्कं लक्षात आहे.”

शटर अर्धवट वर गेलं होतं. मी ते तसंच धरून उभा होतो.

“हो,” मी म्हटलं. “दोन.”